लिंबूटिंबू

मुलांच्या खेळांत एक जुना आणि दयाळू कायदा आहे. धाकट्या भावाला खेळात घ्यावे तर लागते, कारण आईने तसे बजावलेले असते. पण तो बाद होऊन रडू लागला तर खेळ मोडतो. तेव्हा मोठी मुले त्याला ‘लिंबूटिंबू’ ठरवून मोकळी होतात. कोणी ‘कच्चा लिंबू’ म्हणतात. तो इतरांबरोबर धावतो, ओरडतो, पकडलाही जातो. मात्र त्याच्यावर राज्य येत नाही आणि त्याची गणना कोणत्याही बाजूस होत नाही. चार वर्षांच्या मुलाला हा मोठा मान वाटतो. चौदा वर्षांच्या मुलाला काय वाटत असेल, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही.

या पानावर मी बहुधा भाषेविषयी आणि शाळेविषयी लिहितो. या महिन्यात फुटबॉलविषयी लिहीत आहे. व्याकरण शिकविणाऱ्या मास्तराने मैदानात कशाला उतरावे, असे कोणा वाचकास वाटल्यास त्याने थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

बडोदे, इंदूर, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण आमच्या निपाणीच्या परिसरात फुटबॉलचे वेड आहे आणि ते कोल्हापूरहून आलेले आहे. निपाणीहून कोल्हापूर अवघे चाळीस किलोमीटरांच्या आसपास. तेथील फुटबॉल हा पेठांचा खेळ. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यातील चुरस शाहू स्टेडियममध्ये पाहावी; एरवी सभ्यपणे दुकान चालविणारा गृहस्थ तेथे गळ्याच्या शिरा ताणून पंचाला सल्ला देताना दिसेल. संघांची नावे तरी पाहा: पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. ज्या तालमींत एकेकाळी लाल मातीत कुस्ती घुमली, त्याच तालमींच्या नावाने आता गोल होतात. विश्वचषक आला की तेथील गल्ल्या ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्यात वाटल्या जातात. एका घरातील दोन भावांची तोंडे दोन दिशांना. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या वेळी आमच्या सीमेवरच्या खेड्यांतही आपल्याच घरचा मुलगा खेळतो आहे अशी धांदल उडाली होती. बेळगावची परंपरा निराळी. ती कॅम्पातली, लष्कराच्या आणि मिशनच्या शाळांच्या सावलीत वाढलेली. सेंट पॉल शाळेच्या मैदानावर फादर एडी यांच्या स्मरणार्थ होणारी आंतरशालेय स्पर्धा म्हणजे तेथील मुलांचा वार्षिक सण. अशा या दोन गावांच्या मधल्या पट्ट्यात मराठी मुले वाढतात, आणि त्यांच्यापैकी फारच थोड्यांना फुटबॉलपासून दूर ठेवता येते.

आमच्या शाळेत नववीत एक मुलगा आहे. त्याचे नाव मी सांगणार नाही. मुलांची नावे छापण्यासाठी नसतात. तो सात वर्षांचा असताना, उसाच्या हंगामात, रस्त्यावर ट्रॉलीखाली सापडला आणि त्याचा डावा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. त्याला कृत्रिम पाय मिळाला होता, पण वाढत्या वयाच्या मुलाचा कृत्रिम पाय हा वाढत्या वयाच्या मुलाच्या बुटासारखाच असतो. दर थोड्या काळाने तो आखूड होतो, वरची वाटी रुतू लागते, कातडी सोलते. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला. दर वेळी मजुरी बुडवून मोजमापासाठी दूर जाणे त्यांना जमत नाही. म्हणून मुलगा बहुतेक कुबड्यांवरच असतो, आणि कुबड्यांवर तो ज्या वेगाने जिना उतरतो तो पाहून आमच्या विज्ञानाच्या बाई डोळे मिटून घेतात.

त्याच्याकडे एक वही आहे. कोल्हापूरच्या संघांचे सामने, गोल कोणी केले, कितव्या मिनिटाला केले, कोणाला पिवळे कार्ड मिळाले, हे सारे तीत सुवाच्य अक्षरांत लिहिलेले असते. (मराठीच्या निबंधात हे अक्षर मला क्वचितच आढळते.) असा मुलगा शाळेत आला की त्याचे काय होते, ते सांगण्याची गरज नाही, सर्व शाळांतून तेच होते. त्याला गुणफलक लिहावयास मिळतो. नंतर शिट्टी मिळते. पाण्याची घागर आणि इतरांच्या चपला त्याच्या राखणीस येतात. स्नेहसंमेलनात ‘खेळावरील निष्ठे’बद्दल त्याला एक पेला देण्यात येतो आणि पाहुणे गहिवरतात.

एका शनिवारी मुलांनी त्याला खेळात घेतले. कोणी सांगितले नव्हते, त्यांच्याच मनात आले. चेंडू त्याच्यापाशी हळूच सरकविण्यात आला. समोरचे दोघे बाजूला झाले. त्याने कुबड्यांवर अंग तोलून उजव्या पायाने चेंडू मारला आणि गोल झाला. सर्वांनी टाळ्या वाजविल्या, काहींनी त्याला खांद्यावर घेतले. मी व्हरांड्यातून पाहात होतो, आणि दृश्य खरोखर हृद्य होते. दुपारी तो माझ्या खोलीच्या दाराशी आला.

“सर, त्यो गोल नव्हता. गोलकीपरनं हात मागं घेतला.”

मी म्हणालो, “अरे, तुझ्या मित्रांनी प्रेमाने केले.”

“व्हय सर. पण त्यो गोल न्हाई.”

एवढे बोलून तो गेला. सायंकाळी वहीत त्या सामन्याची नोंद आमच्या शारीरिक शिक्षकांनी पाहिली. तीत तो गोल धरलेला नव्हता.

ही तक्रार कृतघ्नपणाची नाही, हे समजून घ्यावयास हवे. खेळात चेंडू जाळ्यात जाण्याला किंमत येते ती समोरचा तो अडवू पाहात असतो म्हणून. अडविणाराच बाजूला झाला तर उरतो तो नुसता चेंडू. नियम माफ करून आपण त्या मुलाला मैदानात आणतो आणि त्याच क्षणी खेळाच्या बाहेर काढतो. माझ्या मते यावर उपाय एकच: नियम माफ करू नये, बदलावा, आणि जो बदलला तो सर्वांना सारखाच कडक लावावा. जगात हे अनेकांनी केले आहे, आणि त्याची हकिकत आपल्या घरांतून फारशी सांगितली जात नाही म्हणून ती येथे देतो.

अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे डॉन बेनेट नावाचे गृहस्थ होते. नौकेच्या अपघातात त्यांचा एक पाय गेला होता. १९८० च्या सुमारास, कुबड्यांवर उभे असताना घरंगळत आलेला एक चेंडू त्यांनी सहज लाथाडला आणि त्यातून त्यांना एक खेळ सुचला. (हेच गृहस्थ १९८२ साली एका पायावर रेनियर पर्वताचे शिखर चढून गेले, तेव्हा सहज सुचलेली गोष्ट ते सहज सोडून देणारे नव्हते.) या खेळात बाजूस सात खेळाडू. मैदानातील सहाही जणांना एक पाय नसतो आणि ते कृत्रिम पाय काढून ठेवून कुबड्यांवर खेळतात. गोलरक्षकाला दोन्ही पाय असतात, पण एक हात नसतो. आणि त्याला आपले क्षेत्र सोडून बाहेर येता येत नाही. चेंडूला मुद्दाम कुबडी लागली तर ती हाताने चेंडू अडविल्यासारखीच चूक धरली जाते. ऑफसाइड नाही, घसरत जाऊन चेंडू काढून घेणे नाही, कारण त्यात समोरच्याची कुबडी निसटते, चेंडू रेषेबाहेर गेला तर हाताने न फेकता पायाने आत आणावयाचा. मैदान लहान, आणि पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन डाव. यात दया कोठेच नाही. धक्का लागतो, माणूस पडतो, उठतो, पंचाशी भांडतो.

हा खेळ कोठे रुजला ते पाहिले की मन खिन्नही होते. यादवी युद्धांनी आणि जमिनीत पेरलेल्या सुरुंगांनी ज्या देशांत पाय गेले, त्या अंगोला, सिएरा लिओन, लायबेरिया अशा देशांत त्याने मूळ धरले. २०१८ साली मेक्सिकोत झालेला या खेळाचा विश्वचषक अंगोलाने जिंकला. २०२२ साली इस्तंबूल येथे तुर्कस्तानने अंगोलाला ४–१ असे हरवून तो घेतला. आणि त्यानंतरची गोष्ट तर आमच्या मुलाने मला सांगितली, मी त्याला नव्हे. वर्षातील सर्वांत सुंदर गोलासाठी फिफा पुश्काश पुरस्कार देते. २०२२ चा पुरस्कार पोलंडच्या मार्चिन ओलेक्सी याला मिळाला. एका पायाचा हा खेळाडू कुबड्यांवर स्वतःला हवेत उलटे झोकून देतो आणि डोक्यावरून चेंडू गोलात मारतो. अंतिम तिघांत ब्राझीलचा रिशार्लिसन होता, ज्याचा कतारमधील गोल साऱ्या कोल्हापूरने नाचून साजरा केला होता. त्या गोलाला मागे टाकून हा गोल निवडला गेला, आणि कोणताही गोलरक्षक त्यापुढे हात मागे घेऊन उभा नव्हता.

अपंगत्व निराळे, तसे नियम निराळे. अंधांच्या फुटबॉलमध्ये चेंडूत खुळखुळा असतो. मैदानातील चौघेही डोळ्यांवर पट्टी बांधतात, म्हणजे अंधुक दिसणारा आणि मुळीच न दिसणारा एकाच पातळीवर येतात. गोलरक्षक मात्र डोळस. चेंडू काढून घ्यावयास जाणाऱ्याने ‘वॉय’ असे ओरडून इशारा द्यावा लागतो. हा स्पॅनिश शब्द, अर्थ ‘जातो’. आणि चेंडूचा आवाज खेळाडूंना ऐकू यावा म्हणून प्रेक्षकांनी गप्प राहावयाचे. आमच्या शाहू स्टेडियमच्या प्रेक्षकांना हा नियम लावला तर निम्मे आजारी पडतील. २००४ पासून हा खेळ पॅरालिंपिकमध्ये आहे. पहिली पाचही सुवर्णपदके ब्राझीलने नेली आणि २०२४ साली पॅरिसमध्ये यजमान फ्रान्सने ती साखळी तोडली. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या पक्षाघाताने ज्यांचे स्नायू ताठर राहतात, त्यांचाही सात-सात जणांचा खेळ आहे. त्यात बाहेर गेलेला चेंडू एका हाताने घरंगळत आत टाकता येतो, कारण दोन्ही हात डोक्यावर नेणे अनेकांना साधत नाही. १९८४ ते २०१६ हा खेळ पॅरालिंपिकमध्ये होता, नंतर वगळला गेला, हे मला अन्यायाचे वाटते. ज्यांचे स्नायूच क्षीण होत जातात आणि ज्यांना पाय उचलणेही शक्य नाही, अशी मुले विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्च्यांना पुढे पट्टी लावून मोठा चेंडू ढकलतात. बाजूस चौघे, मैदान बास्केटबॉलचे. त्या खुर्चीची किंमत आमच्या वखारीतल्या कामगाराला झेपणारी नाही, हे सांगितलेच पाहिजे. पण असा खेळ अस्तित्वात आहे हे तरी त्या मुलाला कळावे.

येथे एका आवडत्या दाखल्याविषयी थोडे बोलतो. पायांत व्यंग असलेल्या मुलाला फुटबॉलची गोडी लागली की जाणते लोक गारिंचाची गोष्ट सांगतात. ब्राझीलचा हा जादूगार. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड, दोन्ही वाकडे, तरीही १९५८ आणि १९६२ चे विश्वचषक त्याच्या देशाने जिंकले, आणि दुसऱ्या वेळी पेले जखमी होऊन बसला असता हाच पुढे झाला. गोष्ट खरी आहे व सुंदर आहे. पण गारिंचा धावू शकत होता, आणि तो इतरांच्याच नियमांनी खेळला. ती गोष्ट ऐकून एका पायाच्या मुलाने काय करावे? अशा कथांनी ऐकणाऱ्यापेक्षा सांगणाऱ्याचेच समाधान अधिक होते, असा माझा अनुभव आहे.

दुसरा हितोपदेश असा की, फुटबॉलच कशाला? बुद्धिबळ खेळ, कॅरम खेळ, पोहावयास शीक. आपल्याकडे थोर उदाहरणेही आहेत. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात जायबंदी झाल्यावर ते पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. बेळगावचा मोईन जुन्नेदी ठिसूळ हाडांचा आजार घेऊन जन्मला आणि प्रशिक्षक उमेश कलघटगी यांच्या हाताखाली पाण्यात उतरून त्याने पदके मिळविली. मी दोघांनाही वंदन करतो. परंतु आवड ही बदलीच्या हुकमाने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाणारी वस्तू नव्हे. मोईनला पाणी आवडले, म्हणून तो पाण्यात गेला. आमच्या मुलाला फुटबॉल आवडतो.

मग आमच्या शारीरिक शिक्षकांनी काय केले ते सांगतो. सात एकपायी मुले एका शाळेत मिळणार नाहीत, आणि मिळू नयेत. त्यांनी गावातील सुताराकडून बांबूच्या बारा जोड कुबड्या करवून घेतल्या, आणि धडधाकट मुलांना त्यांवर उभे केले. नियम लिहून फळ्यावर लावला: एक पाय वर, वरचा पाय जमिनीला टेकला की समोरच्या बाजूस फ्री किक, कुबडी चेंडूला लागली तरी तेच. माफी कोणालाच नाही. गोलात कोणाला उभे करावे हा प्रश्न आला, तेव्हा आठवीतला एक अबोल मुलगा आपणहून पुढे आला. त्याचा उजव्या हाताचा पंजा कडबाकुट्टीच्या यंत्रात गेला आहे. आमच्या भागात हे यंत्र घरोघरी आहे, आणि चारा सारताना मुलांचे हात त्यात सापडतात. हा मुलगा तोवर मैदानाकडे फिरकतही नसे, सदऱ्याची बाही सोडून वावरत असे.

पहिल्या दिवशी दहा मिनिटांत शाळेच्या संघातले धिप्पाड गडी धापा टाकू लागले. तळहातांना फोड आले. कुबडी पुढे टाकू की चेंडूकडे पाहू, हे त्यांना उमगेना. आणि जो सात वर्षे कुबड्यांवर वावरला होता, तो त्यांच्यामधून असा निघून जाई की त्याला अडविण्यासाठी दोघे-तिघे ठेवावे लागले. त्याला पाडण्यातही आले. रक्त निघाले, हळद लावली, खेळ पुढे चालू झाला. त्याचा संघ त्या दिवशी दोनास तीन असा हरला. वहीत ती हार लिहिली गेली, आणि त्याने केलेले दोन्ही गोल या खेपेस धरले गेले.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. सोललेला गुडघा तिने पाहिला होता. “सर, एकच पाय हाय त्याला. त्यो तरी ऱ्हाऊ दे,” असे ती म्हणाली. या वाक्याला उत्तर शोधणे सोपे नाही, आणि ती चुकत होती असेही मी म्हणणार नाही. शारीरिक शिक्षकांनी तिला मैदानावर नेले. मुलांनी सकाळी खडे वेचून काढले होते ते दाखविले. उरलेल्या पायाला गुडघ्याची जाड पट्टी आणि नडगीचे पॅड मागविले आहे ते सांगितले. डॉक्टरांना दाखविल्यावाचून पुढे खेळवणार नाही असा शब्द दिला. ती बराच वेळ भिंतीपाशी उभी राहिली. “बघते,” एवढेच बोलली. तिचे अद्याप पूर्ण समाधान झालेले नाही. शनिवारी ती वखारीतल्या सुटीत येऊन उभी राहते आणि खेळ संपेपर्यंत हलत नाही.

माझ्या पिढीच्या वर्गात पोलिओ झालेला एखादा तरी मुलगा असेच. लोखंडी कॅलिपरचा खणखणाट आला की तो आला असे न पाहता कळे. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यामुळे अपंग मुले आता फारशी उरली नाहीत, असा अनेकांचा समज होतो. तो बरोबर नाही. अपघात आहेत, यंत्रे आहेत, जन्मतः आलेले पक्षाघात आहेत; २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पूर्वीच्या सात प्रकारांऐवजी एकवीस प्रकार मानले आहेत. त्याच कायद्याच्या सोळाव्या कलमात शाळांवर आणखी एक कर्तव्य घातले आहे, जे माझ्या व्यवसायबंधूंनी एकदा स्वतः वाचावे: अशा मुलांना नुसता प्रवेश देऊन भागत नाही, खेळाची व मनोरंजनाची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यावी लागते. बरोबरीने, हा शब्द कायद्यातलाच आहे. पेला देऊन तो पुरा होत नाही.

आपल्या वाचकांपैकी कोणाच्या घरी, शेजारी असा मुलगा असेल तर काही व्यावहारिक गोष्टी सांगून ठेवतो. काखेत धरावयाच्या कुबड्या खेळास उपयोगी नाहीत. त्यांवर भार पडून काखेतील शिरा दुखावतात. कोपराखाली कडे असलेल्या, हलक्या धातूच्या कुबड्या घ्याव्या. आमच्या मुलासाठी तशी एक जोडी माजी विद्यार्थ्यांनी आणून दिली आहे. आणि कुबडीच्या टोकाची रबरी टोपणे दर वेळी पाहावी. घरात ती वर्षभर टिकतात. मुरमाड मैदानावर तीन-चार आठवड्यांत झिजून धातू उघडा पडतो आणि कुबडी सटकते. औषधांच्या दुकानात ती मिळतात, किंमत फार नाही. नेताना दोन जोड न्यावे आणि मापासाठी जुने टोपण बरोबर ठेवावे.